विद्यापीठाची फी आणि खाणावळीचें बिल

बारावीचा निकाल लागून जून महिना उजाडला कीं महाराष्ट्रांतील हजारों घरांत एकच हिशेब सुरू होतो. मुलाला अगर मुलीला पुढें शिकवावयाचें तर वर्षाला किती लागतील? बाप कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि पहिली रक्कम मांडतो ती फीची. वर्तमानपत्रें लिहितात तीं फीवर, विधानसभेंत वाद होतो तो फीवर आणि मोर्चे निघतात तेही बहुधा फीवरच. हा शब्दच असा ठळक आहे कीं त्याच्या आड दुसरे सारे आंकडे लपून जातात. परंतु गरीब घरच्या विद्यार्थ्याच्या बाबतींत विद्यापीठाच्या शिक्षणाचा खरा खर्च दोन वेळच्या जेवणाचा आणि रात्रीं पाठ टेंकण्यापुरत्या जागेचा असतो. ही गोष्ट आजची नाहीं. मुंबईचें विद्यापीठ जितकें जुनें, तितकीच ती जुनी आहे.

तें विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. पांच वर्षांनीं, १८६२ सालीं, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. कॉलेजें मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आणि शिकूं इच्छिणारीं मुलें कोंकणच्या वाड्यांत, घाटावरच्या खेड्यांत, अशी स्थिति तेव्हांपासूनच होती. विद्येसाठीं घर सोडणें भाग होतें आणि घर सोडलें कीं पोटाचा प्रश्न पहिल्याच दिवशीं उभा राही.

गोपाळ कृष्ण गोखले यांचें उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांतील नेमका मुद्दा बहुधा निसटून जातो. १८७९ सालीं त्यांचे वडील वारले. थोरले बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते शिकणाऱ्या गोपाळाला दरमहा पाठवूं लागले. उरलेल्या सातांत बाकीच्या कुटुंबाचा गाडा चाले. धाकटा भाऊ हातानें स्वयंपाक करी आणि तेल वांचावें म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखालीं वाची, असें चरित्रकार सांगतात. शाळेच्या पुस्तकांतून मुलांना तो रस्त्यावरचा दिवा तेवढा शिकविला जातो. पंधरांतले आठ मात्र कोणी शिकवीत नाहीं. एका मुलाच्या शिक्षणासाठीं घराच्या मिळकतीचा अर्ध्याहून अधिक भाग गेला, आणि त्याशिवाय दुसऱ्या एका मुलाचें शिक्षण कायमचें थांबलें. हा दुसरा खर्च कोणत्याही फीच्या पावतीवर येत नाहीं. गोपाळराव १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. गोविंदरावांच्या बुद्धीचें माप घेण्याची वेळ आलीच नाहीं.

ज्यांना असा आठ रुपये पाठविणारा भाऊही नव्हता, ते वार लावून जेवीत. आठवड्याचे सात दिवस आणि सात घरें. सोमवार वकिलांकडे, मंगळवार एखाद्या कारकुनाकडे, बुधवार दूरच्या नात्यांतल्या मावशीकडे. त्या घरीं पाहुणे आले, सोयर-सुतक पडलें, कीं त्या दिवशींचा वार बुडे. एखादा वार मुळींच न मिळाला तर चणे-चुरमुऱ्यांवर भागे, किंवा सरळ उपास घडे. दुसरे कित्येक दुपारीं झोळी घेऊन माधुकरी मागत आणि मिळेल तें शिळेंपाकें खाऊन वर्गांत येऊन बसत. या गोष्टी पुढें मोठ्या झालेल्या माणसांच्या आत्मचरित्रांतून गोड होऊन आल्या आहेत. जे मोठे झाले नाहींत, अर्ध्यावर परत गेले, त्यांनीं आत्मचरित्रें लिहिलीं नाहींत.

शिवाय ही सोयसुद्धां सर्वांना खुली नव्हती. वार आणि माधुकरी हीं बहुतांशीं ब्राह्मण मुलांच्याच वाट्याला येत. कुणब्याचा, धनगराचा, मुसलमानाचा किंवा अस्पृश्य मानलेल्या जातीचा मुलगा शहरांत आला तर तो कोणाच्या पंगतीला बसणार, आणि त्याला खोली तरी कोण देणार? कॉलेजांत दोघांना फी सारखीच होती. शहर मात्र एकाला अर्धवट उघडें आणि दुसऱ्याला पुरतें बंद होतें.

राजर्षि शाहू महाराजांनीं हें अचूक ओळखलें. त्यांचें १९१७ सालचें सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचें फर्मान प्रसिद्धच आहे, पण त्याच्या कितीतरी आधीं, १९०१ सालीं, त्यांनीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें. मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, शिंपी अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं राहिलीं. १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. महाराजांनीं जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्नें लावून दिलीं. जातवार वसतिगृहें काढल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि आजही कोणी करतात. परंतु ज्या काळीं एका पंगतीला बसावयास लोक तयार नव्हते, त्या काळीं वेगळी कां होईना, पण मुलाला पंगत मिळणें अगत्याचें होतें. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात तें उगीच नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यांतहि हाच आंकडा आडवा आला. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति दिली आणि ते अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथून १९१६ सालीं ते लंडनला आले. अर्थशास्त्राच्या शाळेंत प्रवेश मिळाला, ग्रेज इन् मध्यें नांव घातलें, अभ्यास सुरू झाला. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ सालीं त्यांना परत फिरावें लागलें. बुद्धि होती, प्रवेश होता, प्रबंध अर्ध्यावर होता. नव्हता तो राहण्या-जेवण्याचा महिन्याचा खर्च. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा साठविला, शाहू महाराजांनीं मदत केली, मित्र नवल भथेना यांनीं कर्ज दिलें आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. तीन वर्षें अशीं गेलीं.

हीच गांठ साताऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं वेगळ्या रीतीनें सोडविली. १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ सालीं साताऱ्यांत सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह सुरू झालें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. त्या वसतिगृहांतील मुलांच्या तोंडीं घांस पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले, आणि शेवटीं मंगळसूत्रही दिलें. हे दागिने फी भरण्यासाठीं मोडले नव्हते, धान्यासाठीं मोडले होते. १९४७ सालीं साताऱ्याला छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें तेंही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलांनीं शेतांत राबावें, बांधकामावर राबावें आणि त्या श्रमांतून आपल्या भाकरीची सोय करावी. श्रमाची थोरवी गाण्यासाठीं या योजनेचें नांव नेहमीं घेतलें जातें, परंतु तिच्या मुळाशीं भटारखान्याचा हिशेब होता हें विसरलें जातें.

सरकारनेंही मग या कामांत लक्ष घातलें. १९४४ सालीं हिंदुस्थान सरकारनें अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति सुरू केली. १९५९ सालीं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतांना, आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांसाठीं फीची सवलत आली. इ. बी. सी. हीं तीन अक्षरें त्या पिढीच्या तोंडीं बसलीं आणि शेतकऱ्यांचीं कितीएक मुलें त्या सवलतीवर पदवीधर झालीं. पुढें ८ जुलै २०२४ च्या निर्णयानें महाराष्ट्र शासनानें ठरलेल्या प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पूर्वीं ती निम्मी माफ होती. ही पावलें लहान नव्हेत. त्यांची टवाळी करणें कृतघ्नपणाचें होईल.

तरीपण एका मुलीची कल्पना करावी. तिचें गांव बीड जिल्ह्यांत, बाप कोरडवाहू शेतकरी, आणि तिला पुण्याच्या एका कॉलेजांत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. फी माफ. बापानें कागदावर फीपुढें शून्य मांडलें. आतां खालच्या रकमा. खोलींत एक कॉट घ्यावयाची तर अनामत आणि महिन्याचें भाडें आगाऊ. मेसचे पैसे आगाऊ. ज्यांना शिक्षण फी हें नांव नाहीं पण जीं भरल्यावांचून प्रवेश पुरा होत नाहीं, तीं किरकोळ शुल्कें. पुस्तकें, ड्रॉइंगचें सामान, सेतु केंद्रावरचे दाखले, आणि सणावाराला घरीं जाण्याचें भाडें. हें सारें जुलै-ऑगस्टांत, म्हणजे पेरणीनें घर रिकामें झालेलें असतांना.

यांतील पोटाचा भाग किती मोठा आहे हें सरकारच्याच हिशेबांत दिसतें. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या स्वाधार योजनेंत, शासकीय वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठीं वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यांत आले. त्यांची वांटणी अशी होती: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि इतर निर्वाहाला ८,०००. फीचा त्यांत एक रुपयाही नाहीं. भोजनाचे दिवसाला सुमारें ८८ रुपये पडतात आणि निवासाचे महिन्याला १,६६७. इतक्या भाड्यांत पुण्यांत कॉट मिळवून दाखविणाऱ्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राची पदवी परीक्षेवांचून द्यावयास हरकत नाहीं! तरीही ही योजना विवेकाची, कारण तिनें निदान खरा प्रश्न कागदावर मांडला. याच्या शेजारीं केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति ठेवून पाहावी. तिच्या २०२१ च्या सुधारित नियमांत वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठीं जास्तींत जास्त वार्षिक भत्ता १३,५०० रुपये आहे आणि साध्या पदवीच्या विद्यार्थ्याला तो ६,००० आहे. म्हणजे महिन्याला पांचशें.

आणि हे पैसे येतात केव्हां? अर्ज भरावयाचा, तो कॉलेजानें पडताळावयाचा, मग समाजकल्याण कार्यालयानें, हजेरी पाहावयाची आणि त्यानंतर रक्कम खात्यावर. कित्येकांचें वर्ष संपत आलें तरी हप्ता पोंचलेला नसतो. मेसचा मालक मनानें कितीही चांगला असला तरी त्याला किराणा रोज विकत आणावा लागतो. तो दोन महिने थांबेल, तीन थांबेल. नंतर ती मुलगी सावकाराकडून आणलेल्या पैशांत जेवते आणि सरकारी भत्ता त्याच्या व्याजाला जातो.

यावर कोणी म्हणतील कीं विद्यार्थ्याला शिकविणें हें सरकारचें काम खरें, पण त्याला जेवूं घालणें हें सरकारचें काम कसें? सारा देणाऱ्या रयतेनें हा भार कां सोसावा? या प्रश्नाला महात्मा फुले यांच्या साक्षीचा आधार काढतां येतो, पण उलट्या बाजूनें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें फुल्यांचा आक्षेप असा होता कीं सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आतां पाहावें. कॉलेजाच्या इमारती, प्रयोगशाळा आणि प्राध्यापकांचे पगार यांना सरकारी पैसा लागलेलाच आहे. ज्याचें घर कॉलेजापासून दोन मैलांवर आहे, त्याला तो पुरेपूर पावतो. फीमाफीही त्यालाच पुरती पावते. बीडच्या मुलीला ती पावावी तर तिला आधीं शहरांत राहतां आलें पाहिजे. तें जमत नाहीं म्हणून ती तालुक्याच्या गांवीं, एस. टी. च्या सवलतीच्या पासावर जातां येईल अशा कॉलेजांत, मिळेल त्या वर्गांत नांव घालते. इंजिनिअरिंगची जागा दुसऱ्या कोणाला जाते. फीमाफीच्या आंकड्यांत ही मुलगी कोठेंच दिसत नाहीं, कारण तिनें फी माफ करून घेण्यापर्यंत मजलच मारलेली नसते.

वसतिगृह हा यांतला सर्वांत स्वस्त उपाय आहे. दोनशें मुलींचा स्वयंपाक एके ठिकाणीं झाला तर ताटामागें पडणारा खर्च खाणावळीपेक्षां कमी येतो, हें पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांनीं १९५५ पासून दाखवून दिलें आहे. पण भत्ता जाहीर करावयाला एक कागद पुरतो, आणि इमारतीला जागा, वर्षें आणि दररोजची देखरेख लागते. म्हणून भत्ते वाढतात आणि खोल्या त्या मानानें वाढत नाहींत.

या तुटीची भरपाई शेवटीं विद्यार्थीच करतात. कॉलेज सुरू होतें आणि वसतिगृहाची यादी मागाहून लागते. यादींत नांव नसलेला मुलगा गांवकडच्या एखाद्या मित्राच्या खोलींत पथारी टाकतो. पुण्याच्या वसतिगृहांत अशा पाहुण्याला ‘पॅरासाईट’ असें नांव पडलें आहे. शब्द कठोर आहे, पण तो वापरणारींच मुलें मेसमधून चार चपात्या जास्त आणून ठेवतात. एका खोलींत दोघांची परवानगी, तेथें चौघे निजतात. रेक्टर फेरीला निघाले कीं खालच्या मजल्यावरून निरोप येतो, आणि अंथरुणाची वळकटी पलंगाखालीं जाते.