थंडीतली गिअरची सायकल

डिसेंबरात सावित्रीकाठी सकाळी धुकं, आणि संध्याकाळी लवकर अंधार. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आपल्या बायकांची दोन्हीकडून ओढाताण. सकाळी रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, संध्याकाळी मिळतच नाही. म्हणून गटातल्या एकीच्या लेकीची नवीकोरी गिअरची सायकल आम्ही चौघींनी बिरवाडीच्या बाजूला चालवून पाहिली.

हिला पुढे शॉकअप आहे, मागे नाही. खड्ड्याचा धक्का पुढचं चाक झेलतं, मागचा थेट कमरेत येतो. तेव्हा खडी दिसली की सीटवरून थोडं उठायचं, गुडघे वाकवून पायांवर भार घ्यायचा. चढाआधीच गिअर हलका करायचा. जोर लावलेला असताना बदललात तर साखळी करकरते. दवाने ओल्या डांबरावर नुसता पुढचा ब्रेक दाबू नका, दोन्ही हळूहळू दाबा. चढ मात्र काय सोपा गेला! साधी सायकल जिथे उतरून ढकलावी लागते, तिथे आम्ही बसल्या बसल्या वर.

पण दुकानातून येते तशी ती आपल्या कामाची नाही. साखळीला कव्हर नाही, साडी-ओढणी अडकणारच. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. डबा ठेवायचा कुठे? दिवाही नाही. टँकर-ट्रकच्या रस्त्याला पुढे पांढरा, मागे लाल दिवा बसवल्याशिवाय ती अंधारात काढू नका. गटातून कर्ज घ्यायचं तर हा खर्च धरूनच मागा. आमच्या गटात तो हिशेब सध्या चालू आहे.