पाळीवरची वाट

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज धावण्याबद्दल बोलायचं आहे. हसू नका. मागच्या महिन्यात बैठकीत हाच विषय काढला तेव्हा बाराजणी हसल्या, आणि ज्या तिघी हसल्या नाहीत त्या हजेरीची सही करून केव्हाच घरी गेल्या होत्या.

सुरुवात कोकणापासून करते. मागच्या हिवाळ्यात आमच्या ग्रामसंघाच्या बाया अभ्यासदौऱ्यावर दापोलीकडे गेल्या होत्या. कोकम आणि आंब्याचे पदार्थ कसे करतात, कसे विकतात ते पाहायला. त्याबद्दल वेगळं बोलू. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहिला, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला पाहिला, आणि मुक्कामाला मुरुडला गेलो. आमच्यातल्या निम्म्या बायांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही वाळूवर गेलो. ओहोटी होती. पाणी मागं गेलं की खालची ओली वाळू सिमेंटच्या रस्त्यासारखी घट्ट होते, पायाचा ठसासुद्धा जेमतेम उमटतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला नारळाची आणि सुरूची झाडं, आणि समोर मोकळी लांबच लांब वाट. आधी आमची खजिनदार धावली. मग तिच्यामागं दुसरी. मग साठीच्या एक मावशी, लुगड्याचा ओचा खोचून, चपला हातात घेऊन. दहा मिनिटांत सगळ्या गटाची जत्रा त्या वाळूवर पळत होती. कोणाला दम लागला, कोणी बसली, कोणी हसून हसून रडली.

परतीच्या गाडीत मी मावशींना विचारलं, "मावशी, गावात कधी धावल्या का अशा?" त्या म्हणाल्या, "तिथं कोण होतं वं मले ओळखनारं?"

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. धावायला मैदान लागतं, बूट लागतात, वेळ लागतो असं आपण म्हणतो. खरं तर बाईला आधी लागते ती अशी जागा, जिथं तिला कोणी "काहून पळून राहिली?" असं विचारत नाही.

मुरुडचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगते. हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. बायकांसाठी 1916 मध्ये विद्यापीठ काढणारे तेच कर्वे. लहानपणी परीक्षेला बसायला ते या किनाऱ्यावरून सह्याद्रीचा घाट चढून, रानातून, साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. शंभर मैलांहून जास्त वाट. आणि तिथं पोचल्यावर त्यांना सांगितलं, तू वयानं लहान दिसतोस, बसता येणार नाही. परत आले. पुढं कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली. परीक्षेसाठी पायपीट करणारं पोर म्हटलं की मला आता आमच्या गावातली एक मुलगी आठवते, आणि आजचं बोलणं तिच्यामुळंच आहे.

गाव रामटेक तालुक्यातलं, नाव सांगत नाही. मुलगी बारावी झालेली, आई आमच्या गटात. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. मैदानी चाचणीला 50 गुण असतात. त्यात मुलींना 800 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि 4 किलोच्या गोळ्याचे 15. म्हणजे धावणं जमलं नाही तर लेखी परीक्षेपर्यंत जायचं कठीणच. ही मुलगी पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर धावायची. कारण गावात सरळ, सपाट जागा तीच. पहाटेला रेतीचे ट्रक तिथूनच जातात. एक दिवस मागून आलेल्या ट्रकचा आरसा तिच्या खांद्याला लागला आणि ती खाली नालीत पडली. हाड मोडलं नाही, पण आईनं बूट लपवून ठेवले. बैठकीत आई रडत होती. म्हणाली, "वर्दी नको, काही नको, पोरगी पाह्यजे."

आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं, आणि मग लक्षात आलं की आमच्याकडे समजावण्यापलीकडं काहीच नाही. पोरीला धावू दे म्हणणं सोपं. धावू दे, पण कुठं?

मग मावशी बोलल्या. त्याच, समुद्रावरच्या. "पाळीवर धावते नं."

आपल्या भागात समुद्र नाही, पण तलावांना तोटा नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पाच जिल्ह्यांत जुने माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. ते सहा हजारांवर आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी कितीतरी पिढ्यांपूर्वी जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यातले पुष्कळ तलाव बांधले. एका बाजूला मातीची लांब पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं, जास्तीचं पाणी सांडव्यावरून सोडायचं आणि खाली धान पिकवायचं. ही पाळ मातीची असते, वरून सपाट असते, तिच्यावर गाडीघोडं फारसं जात नाही. डांबरावर धावून गुडघे दुखतात, मातीवर तेवढे दुखत नाहीत. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला धानाच्या बांध्या. हिवाळ्यात पाण्यावर बदकं उतरतात, शिमग्याच्या आधी पळस फुलतो. नागपुरातले लोक गाडीनं अंबाझरीला आणि फुटाळ्याला कशासाठी जातात? याच्यासाठीच. आणि आपण तिथंच राहून तिकडं पाठ करून बसतो.

पाठ का केली, तेही सांगते, कारण खोटं बोलण्यात अर्थ नाही. आमच्या गावची पाळ म्हणजे हागणदारी होती. संडास झाले तेव्हापासून कमी झालं, पण जागेला नाव पडलं ते पडलं. एक वृद्ध आजी बैठकीत म्हणाल्या, "आमी चाळीस वर्सं पहाटे अंधारात याच पाळीवर गेलो, डबा घेऊन. तवा कोनी नाही म्हटलं की बाईमानसानं अंधारात कायले जाव." बैठक एकदम शांत झाली होती.

मग ठरलं. तीन रविवार आम्ही पाळ साफ केली. बेशरमाची झाडं इतकी माजली होती की विळ्यानं भागत नव्हतं, कुऱ्हाड लागली. काचा वेचल्या, तीन पोती भरली. दारूच्या बाटल्या कोणाच्या ते सगळ्या गावाला माहीत होतं, पण त्यावर भांडण काढायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. ते जमलं, हीच मोठी गोष्ट. मिस्त्रीकडून तीस मीटरचा टेप आणला आणि पाळ मोजली. 640 मीटर भरली. दर शंभर मीटरला चुन्याची रेघ मारली. म्हणजे 800 मीटर करायचे तर टोकाला जाऊन 160 मीटर परत यायचं. पोरीनं ते पहिल्याच दिवशी पाठ केलं.

एक चूक करता करता राहिलो. आम्हाला पाळीवर झाडं लावायची होती, सावलीसाठी. पाटबंधाऱ्याच्या माणसानं थांबवलं. मोठ्या झाडांच्या मुळ्या मातीच्या पाळीत शिरतात, मूळ कुजलं की तिथून पाणी वाट काढतं. नागपूरला 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी भरून वाहिली आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, ते आठवा. ते काही झाडांमुळं झालं असं मी म्हणत नाही, पण तलावाशी खेळू नये. झाडं पाळीपासून लांब, शाळेच्या बाजूनं लावली.

आता जंगलाबद्दल. आमची पाळ एका टोकाला सागाच्या रानाला टेकते. तिथली वाट सगळ्यात देखणी. पावसाळ्यात सागाला पांढरा फुलोरा येतो, खाली हिरवं गवत, मधून पायवाट. आम्हाला तिकडंच जायचं होतं. वनरक्षक दादांनी साफ नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर आहे. पेंचचं जंगल जवळ आहे. चंद्रपूरकडं मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या, अशा बातम्या उन्हाळ्यात आपण ऐकतो. जनावर पहाटे आणि सांजेला फिरतं. खाली वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, आणि पळणाऱ्याच्या मागं लागणं हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून जंगलात धावायचं नाही. मोहाला जावं लागतंच, पोट आहे. तर उजाडल्यावर, चार-पाच जणींनी, मोठ्यानं बोलत जायचं. आम्ही पाळीच्या त्या टोकाला दगड रंगवून ठेवला आहे. दगडापुढं कोणी जात नाही. मला रोज त्या सागाच्या वाटेकडं पाहून वाईट वाटतं, पण दगड दगड आहे.

तुमच्या गावात पाळ नसेल तर कालव्याचा रस्ता पाहा, शाळेचं मैदान पाहा. रामटेकच्या बाजूच्या बायांना तर अंबाळा तलाव आहे, गडाच्या पायऱ्या आहेत. त्रिपुरी पौर्णिमेला आपण त्या पायऱ्या चढतोच की, मग महिन्यातून एकदा नवसाशिवाय चढून पाहा. खिंडसीच्या काठालाही मोकळी हवा आहे, पण तिथं सुट्टीच्या दिवशी गाड्यांची गर्दी असते, तेव्हा नको.

आता शरीराचं, आणि हे भाऊ ऐकत असतील तरी सांगते. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. दोन पावलं धावून छाती धडधडली, डोळ्यांपुढं अंधारी आली तर ते आळशीपण नव्हे. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, सिस्टरनं गोळ्या दिल्या तर खा. ज्यांना अंग बाहेर येण्याचा त्रास आहे, खोकताना-धावताना लघवी होते, त्यांनी धावू नये, आधी डॉक्टरीणबाईंना दाखवावं. हा त्रास पुष्कळ जणींना आहे आणि वर्षानुवर्षं कोणी बोलत नाही. शुगरवाल्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये, खिशात गुळाचा खडा ठेवावा. धावणं जमत नसेल तर भराभर चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं झाली तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात तुम्ही पास. आणि हो, शेतात दिवसभर राबतो तेही शरीराचं चालणंच आहे, त्याला कमी लेखू नका. पण ते दुसऱ्यासाठी असतं. पाळीवरचा अर्धा तास कोणासाठी नसतो.

आमच्याकडं मे महिन्यात साडेपाचलाच सूर्य वर येतो आणि आठनंतर पाळ तापते. थंडीत मात्र उजाडायला पावणेसात होतात, तेव्हा पहाटेची घाई करू नका. पावसाळ्यात गवत वाढतं, घोणस-मण्यार असतात. हातात काठी आणि पायात बूट पाहिजेच. साधे कॅनव्हासचे बूट चालतात. साडी नेसून धावायची असेल तर धावा. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता भगवान करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, साठी उलटल्यावर, नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी. त्यांच्यावर 2020 मध्ये सिनेमा आला, त्यात काम त्यांनी स्वतःच केलं. आणि दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली, दहावी आली. पण मला खरं विचाराल तर लताबाई अनवाणी धावल्या याचं कौतुक करताना थोडं थांबावंसं वाटतं. त्यांना पैशासाठी धावावं लागलं, हे काही चांगलं नाही.

लोक बोलले का? बोलले. "बायाइले घरी काम नाही वाटते" हे पहिल्याच आठवड्यात ऐकलं. एका सुनेला सासूनं अडवलं, मग ती सासूलाच घेऊन आली; सासूबाई आता सांडव्याच्या दगडावर बसून सगळ्यांचे फेरे मोजतात आणि मोजणीत फार कडक आहेत. एक जण मात्र आली नाही ती आलीच नाही, तिच्या नवऱ्याला मान्य नाही. तिच्याकडं आम्ही जाऊन बसतो. अजून काही झालेलं नाही.

ती पोरगी यंदाच्या भरतीत गोळ्यात कमी पडली. धावण्यात बरे गुण मिळाले होते. दोन दिवस झोपून राहिली, मग आईनंच लपवलेले बूट काढून दिले. आता पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. गोळ्यासाठी आम्ही चार किलोचा एक दगड शोधतोय, बरोबर गोल. तुमच्या नदीच्या पात्रात तसा दिसला तर ग्रामसंघाच्या बैठकीला येताना घेऊन या. वजन दुकानाच्या काट्यावर करून आणा.