दाण्यात किती, आणि दाण्यात कोठे?



न्यासाच्या महोत्सवात पंगत बसण्यापूर्वी तांदळाच्या दाण्याविषयी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली. विषय शास्त्राचा असला, तरी त्याचा संबंध आपल्या ताटाशी आहे.

दाणा कुटून आम्लात विरघळविला, म्हणजे त्यात लोह किती, जस्त किती आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, किती हे मोजता येते. परंतु ही द्रव्ये दाण्यात कोठे होती हे कळत नाही; कुटताना जागाच नाहीशी होते. यावर उपाय क्ष-किरणांचा. त्यांचा केसाहून बारीक झोत दाण्याच्या पातळ कापावर टाकला, की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक ऊर्जेचे किरण सोडते. ते जागोजागी मोजीत गेले, म्हणजे प्रत्येक द्रव्याचा नकाशा तयार होतो. असे प्रखर किरण देणारे ‘इंडस-२’ यंत्र आपल्या इंदुरातच, राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात आहे. सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात फिरणारे इलेक्ट्रॉन वळताना हे किरण देतात.

अशा नकाशांत लोह मुख्यतः कोंड्याच्या थरात व अंकुरात दिसते. तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत सडला, की ते निघून जाते. मग कोंडा ठेवावा, हे सरळ उत्तर झाले. पण पश्चिम बंगाल व बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यातून सोमल शेतात येतो, आणि त्याचा अधिक विषारी प्रकारही कोंड्यातच जास्त साठतो. पोषण आणि विष एकाच घरात! गरिबाने काय करावे?

याचे उत्तर रोपातच शोधले पाहिजे. भाताच्या मुळाला सिलिका आत घेण्याची वाट असते. त्याच वाटेने सोमल शिरतो, हे २००८ साली जपानी संशोधकांनी दाखविले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मचित्रांत ताटाच्या पेरातील काही पेशींनी सोमल आपल्या रिक्तिकांत कोंडून ठेवलेला दिसला. रोप स्वतःच दाण्याची राखण करते. ही राखण ज्यांत बळकट आहे असे वाण निपजले, तर कोंड्यासह भात निर्धास्त खाता येईल. तोपर्यंत अशा प्रदेशांत तांदूळ स्वच्छ, भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकणे हितावह. सोमल बराच घटतो.

अन्नदान करणाऱ्या संस्थेने ताटात किती वाढले याबरोबरच काय वाढले हेही पाहावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.