सनदी शाळा व लोकांची देखरेख



अमेरिकेत ‘चार्टर स्कूल’ या नावाने ज्या शाळा चालतात, त्यांस मराठीत सनदी शाळा म्हणता येईल. पैसा सरकारचा, कारभार मात्र स्वतंत्र मंडळाचा, अशी त्यांची रचना असते. मिनेसोटा राज्याने १९९१ साली यासंबंधीचा पहिला कायदा केला व पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा उघडली. सनद हा एक करारच होय. शासनाने पुष्कळ नियम शिथिल करावयाचे, शाळेने ठरावीक मुदतीत मुलांची प्रगती दाखवावयाची, आणि ती न दिसल्यास सनद काढून घ्यावयाची. या मोकळिकीचा उत्तम उपयोग करणाऱ्या कळकळीच्या शाळाही तेथे आहेत. परंतु नियम सैल करणे निराळे आणि तपासणी सैल करणे निराळे. हा भेद विसरला गेला म्हणजे काय घडते, ते ओहायो राज्यात दिसून आले.

तेथे २००० साली ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’ ही शाळा निघाली. मुलांनी घरीच संगणकापुढे बसून शिकावयाचे. अनुदान पटावर मिळे. २०१५-१६ या वर्षी पटावर पंधरा हजारांहून अधिक मुले होती. राज्याच्या शिक्षण खात्याने अभ्यासाच्या वेळेची नोंद मागितली, तेव्हा सुमारे ६,३०० पूर्णवेळ विद्यार्थ्यांपुरताच पुरावा मिळाला. खात्याने त्या वर्षाचे सुमारे सहा कोटी डॉलर परत मागितले. शाळेचे म्हणणे असे की, कायद्याने शिकण्याची संधी देण्यास सांगितले आहे. मूल खरोखर किती तास शिकले हे पाहण्याचा खात्यास अधिकार नाही! २०१८ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खात्याचा अधिकार मान्य केला. शाळा मात्र त्याआधीच, जानेवारीत, बंद पडली होती. सुमारे बारा हजार मुलांना वर्षाच्या मध्यावर दुसरी शाळा शोधावी लागली. अधुरी तयारी घेऊन मध्येच वर्गात येणारे मूल कसे बावरलेले असते, हे शिक्षकांस सांगावयास नको.

इतकी वर्षे हे कोणाच्या ध्यानी कसे आले नाही? ओहायोत शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या पुरस्कर्त्या संस्थेला शाळेच्या सरकारी अनुदानातूनच, शेकडा तीनपर्यंत, मोबदला घेता येतो. ज्याची तपासणी करावयाची, त्याचा पट फुगला की तपासनिसाचेही उत्पन्न वाढते. शिवाय शाळेच्या व्यवस्थेची व अभ्याससाधनांची कंत्राटे संस्थापकाच्याच खाजगी कंपन्यांकडे होती. देणारा व घेणारा एकच असला, म्हणजे भाव कोण विचारणार?

पटाचा हा प्रश्न महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, ती अशाच संशयावरून. मुलांच्या बोटांस शाई लावून मोजणी करावी लागली, यात प्रामाणिक शिक्षकांसही कमीपणा वाटला असेल. तथापि जी हजेरी रोज खरी लिहिली जाते, तिला पडताळणीचे भय नसते.

वॉशिंग्टन राज्यात प्रश्न अधिक मुळाशी गेला. २०१२ साली मतदारांनी सनदी शाळांस संमती दिली. परंतु २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०९ च्या एका निर्णयाचा आधार घेऊन तो कायदा रद्द ठरविला. ज्या शाळांचे मंडळ लोक निवडीत नाहीत, त्यांना सार्वजनिक शाळांसाठी राखलेला निधी देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढे विधिमंडळाने निधीची निराळी सोय करून त्या शाळा चालू ठेविल्या.

कॅलिफोर्नियाने २०१९ साली मधला मार्ग काढला. शाळा सनदीच राहिल्या. पण १ जानेवारी २०२० पासून त्यांच्या मंडळांच्या सभा लोकांसमक्ष व पूर्वसूचना देऊन भरू लागल्या, सभासदांस आपला आर्थिक हितसंबंध असलेल्या कंत्राटांना मनाई झाली, आणि शाळेचे कागद मागून पाहण्याचा हक्क कोणाही नागरिकास मिळाला.