दोन टिंबं, एक बरोबर आणि एक राजीनामा

आज स्क्रीनकडे बघायची गरज नाही, कोड मी बोलूनच सांगतो.

समजा, तुम्हाला एक मोठी फाइल तुकड्या-तुकड्याने वाचायचीय. लूपच्या आधी लिहायचं, 'तुकडा = फाइलमधून वाच'. मग लूपची अट, 'तुकडा रिकामा नाही तोवर चालू ठेव'. आणि लूपच्या शेवटी परत तीच ओळ! उद्या एक बदलली, दुसरी राहिली, की गडबड झालीच म्हणून समजा.

सी भाषेत अटीच्या आतच व्हेरिएबलला किंमत देता येते. पण तिथे वेगळी डोकेदुखी. तुलनेसाठी दोन बरोबर चिन्हं लागतात. चुकून एकच टाईप झालं, तर तुलना राहते बाजूला आणि किंमतच बदलते. म्हणून पायथनने अटीत एकटं बरोबर चिन्ह कधी चालूच दिलं नाही.

२०१८ मध्ये ख्रिस अँजेलिको यांनी यावर प्रस्ताव मांडला, पेप ५७२. पुढे टिम पीटर्स आणि खुद्द पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम सहलेखक झाले. चिन्ह ठरलं := म्हणजे कोलनला चिकटून बरोबर. मान वाकडी करून बघा, दोन डोळे आणि दोन सुळे दिसतील, म्हणून नाव पडलं वॉलरस. आता लूपच्या अटीतच 'तुकडा := फाइलमधून वाच' लिहायचं. ओळ एकदाच, काम तेच.

मग भांडण कशाचं? लोक म्हणाले, पायथन वाचायला सोपी म्हणून आम्ही आलो, आता एकाच कामाला दोन चिन्हं कशाला? आक्षेपात दम होता. म्हणूनच नियम आला, की साध्या स्वतंत्र ओळीत := कंसाशिवाय चालणार नाही. तिथे जुनं बरोबरच वापरायचं.

मला वाटतं, वाद पेटला त्याचं कारण असं: लायब्ररी आवडली नाही तर तुम्ही वापरत नाही, विषय संपला. पण सिंटॅक्स दुसऱ्याने लिहिला तरी वाचावा तुम्हालाच लागतो.

जुलै २०१८ मध्ये प्रस्ताव मंजूर झाला आणि १२ जुलैला गिडोंनी नेतृत्व सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि तरी इतक्या लोकांचा राग ओढवून घ्यायचा, हे त्यांना पुन्हा नको होतं. त्यानंतर निर्णय घ्यायला पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ आलं. वॉलरस ऑक्टोबर २०१९ मध्ये पायथन ३.८ सोबत आला.

माझा साधा हिशोब: ओळ दोनदा लिहिणं वाचत असेल तर वॉलरस बिनधास्त वापरा. पण अट वाचताना मध्येच थांबावं लागलं, तर दोन ओळीच बऱ्या. तुमचा कोड उद्या कुणीतरी वाचणार आहे, त्याचा विचार आधी.

तुम्ही कुठल्या बाजूचे, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!