सोडलेला कर कोणाच्या खात्यावर पडतो?



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. करांविषयी मराठी माणसांसमोर बोलताना गोपाळ कृष्ण गोखल्यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मार्च 1902 मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. देश दुष्काळाने पिचलेला होता आणि सरकारी तिजोरीत मात्र शिल्लक पडत होती. ही शिल्लक भरभराटीची खूण नसून रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केल्याची खूण आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. दुसऱ्या वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. कराकडे तो भरणाऱ्याच्या बाजूने पाहायचे, ही गोखल्यांची रीत होती. आज त्याच रीतीने मला करकपातीकडे पाहायचे आहे. सरकार कर सोडते तेव्हा तो नेमका कोणाच्या खात्यावर पडतो?

2019 सालच्या अखेरच्या काही महिन्यांत आपल्या उपखंडात दोन मोठ्या करकपाती झाल्या. पहिली आपल्याकडची. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 20 सप्टेंबरला पणजीत ती जाहीर केली. सवलती सोडून देणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर 22 टक्के झाला. नव्या उत्पादक कंपन्यांना तो 15 टक्के ठेवला. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. त्या दिवशी सेन्सेक्स 1,900 अंशांहून अधिक उसळला.

दुसरी कपात श्रीलंकेतली. निवडून येताच गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला आणि राष्ट्र उभारणी कर रद्द केला. मूल्यवर्धित कराच्या नोंदणीची उलाढाल-मर्यादा वर्षाला 1 कोटी 20 लाखांवरून एकदम 30 कोटी श्रीलंकन रुपयांवर नेली. दर खाली आणणे आणि करदात्यांचे वर्तुळ आक्रसवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली. खर्चाला कात्री मात्र लागली नाही. राष्ट्रीय उत्पन्नातला करांचा वाटा सुमारे 12 टक्क्यांवरून 8 टक्क्यांच्या आसपास घसरला. पतमापन संस्थांनी दर्जा उतरवला, परदेशी रोखेबाजाराची दारे बंद झाली आणि 12 एप्रिल 2022 रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. कोरोनाने पर्यटन बुडाले, रासायनिक खतांवरच्या बंदीने शेती कोलमडली, हे सगळे खरेच. पण संकट येण्याआधीच तिजोरीचा आधार काढून घेतलेला होता. जानेवारी 2024 मध्ये तिथला मूल्यवर्धित कर 18 टक्क्यांवर गेला. ज्या गृहिणीला 2019 मध्ये सात टक्क्यांची सूट मिळाली, तीच चार वर्षांनी मूळ दरापेक्षा जास्त कर भरू लागली, तोही रुपयाची किंमत ढासळलेली असताना.

भारताची ही गत झाली नाही, त्याला कारणे आहेत. आपले सरकारी कर्ज बहुतांशी रुपयांत आहे आणि ते देशातल्याच बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधीला देणे आहे. शिवाय आपल्याकडे दर कमी करताना सवलतींची जंत्री मागे घेण्याची अट होती. ही सुधारणा चांगली होती, असे माझे मत आहे. तीस टक्क्यांचा दर आणि त्याला शेकडो पळवाटा, यापेक्षा बावीस टक्क्यांचा सरळ दर केव्हाही बरा.

तरीही सोडलेला महसूल हवेत विरला नाही. मार्च आणि मे 2020 मध्ये पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे एकूण 13 रुपयांनी आणि डिझेलवरचे 16 रुपयांनी वाढले. कोरोनाच्या काळात सरकारला पैसा हवा होता, हे मान्य. पण तो दुचाकीवरून कामाला जाणाऱ्याच्या आणि ट्रॅक्टरवाल्याच्या खिशातून आला. ही वाढ उपकर आणि विशेष शुल्काच्या रूपात होती, म्हणून राज्यांना तिच्यात वाटाही मिळाला नाही. 2018-19 मध्ये कंपनी कराचे उत्पन्न वैयक्तिक प्राप्तिकरापेक्षा बरेच जास्त होते. 2023-24 मध्ये प्राप्तिकर सुमारे 10 लाख 45 हजार कोटी झाला आणि कंपनी कर 9 लाख 11 हजार कोटी. विवरणपत्रे भरणारे वाढले, पगार वाढले, हाही त्याचा भाग आहे. पण नफ्यावरचा भार हलका होऊन पगारावर आणि खरेदीवर सरकला, हे नाकारता येणार नाही. उरलेला भाग कर्जात गेला. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रत्येक रुपयातले 20 पैसे व्याजापोटी आहेत.

आणि ज्या गुंतवणुकीसाठी ही कपात केली, तिचे काय? 15 टक्क्यांच्या दराची मुदत एकदा वाढवून 31 मार्च 2024 ला संपू दिली गेली. दरम्यान कंपन्यांचा नफा वाढला. 2024-25 च्या आर्थिक पाहणीनेच सांगितले की, मोठ्या कंपन्यांच्या नफ्याचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर आहे आणि वेतन त्या मानाने वाढलेले नाही. कारखानदार नवे यंत्र मागवतो ते मागणी दिसल्यावर. दर हा त्याच्या हिशेबातला एक रकाना असतो. वीज, जमीन, बंदरापर्यंतचा रस्ता आणि उद्या नियम बदलणार नाहीत हा भरवसा, हे रकाने बरेचदा अधिक वजनदार ठरतात.

यावरून मी चढ्या दरांचा पुरस्कर्ता आहे असे कोणी समजू नये. सत्तरच्या दशकाच्या आरंभी आपल्याकडे प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह 97.75 टक्के होता. प्रत्यक्ष करांचा अभ्यास करणाऱ्या वांछू समितीने स्पष्ट बजावले की, चढे दर हे करचुकवेगिरीचे प्रमुख कारण आहे. 1974-75 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हा सर्वोच्च दर 77 टक्क्यांवर आणला. समाजवादी घोषणांच्या त्या काळात हा निर्णय घ्यायला धैर्य लागले असणार, आणि त्याचे श्रेय महाराष्ट्राने त्यांना पुरेसे दिलेले नाही. जो कर कोणी भरतच नाही, तो कमी करण्यात तिजोरीचे नुकसान नसते. जो कर लोक भरत आहेत तो सोडताना मात्र पर्याय सांगावा लागतो.

कर हटल्याने उद्योगाची स्पर्धाक्षमता कशी वाढते आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. दहिसर आणि मुलुंडच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. डिझेल जळे, माल अडके, चिरीमिरी चाले. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. उद्योगाला याचा खरा लाभ झाला. पण मुंबई महापालिकेचे वर्षाला सात हजार कोटींच्या घरातले हक्काचे उत्पन्नही गेले आणि ती राज्याच्या भरपाईवर अवलंबून राहिली. त्यानंतर 2022 मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता करही माफ झाला. लहान घरात राहणाऱ्यांना दिलासा मिळाला, याचा मला आनंद आहे. पण शहराचा स्वतःचा कर आटत गेला की नगरसेवकाला जाब विचारण्याचा नागरिकाचा अधिकारही दुबळा होतो.

याच राज्याने उलट दिशेचाही धडा घालून दिला आहे. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेले पैसे खेड्यातल्या मजुराच्या हाती जाणार आणि शासनही तेवढीच भर घालणार, अशी ती रचना होती. त्यातून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. योजनेत त्रुटी होत्या, भ्रष्टाचारही झाला. पण कर कशासाठी घेतला हे भरणाऱ्याला ठाऊक होते, आणि त्या पाण्यावर पुढे पिके उभी राहिली. विकासाला पोसणारा कर असाही असतो. दराच्या वादात आपण खर्चाच्या बाजूचा हा विचार हरवून बसलो आहोत.

म्हणून या परिषदेकडे माझी एक मागणी आहे. केंद्रात किंवा राज्यात, कोणत्याही पक्षाने करमाफी किंवा नवी योजना जाहीर केली की, तिच्यामुळे कोणाचा कर वाढेल किंवा कर्जात किती भर पडेल, याचा हिशेब आपण मराठीतून, आठवड्याच्या आत लोकांपुढे ठेवावा. तसेच इथे आलेल्या प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या गावच्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प या वर्षी विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावा आणि तिचे स्वतःचे उत्पन्न किती, अनुदान किती, व्याज किती, हे पुढच्या अधिवेशनात मांडावे. त्या निबंधांसाठी एक पूर्ण सत्र राखून ठेवावे, अशी विनंती मी कार्यकारिणीला आजच करतो.