घर विकून घर घेताना
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी जळकोटात डोक्यावर हक्काचं छप्पर झालं म्हणजे पावलं, एवढंच आपल्या मनात होतं. पुढं लेकरं अकरावी-बारावीला लातूरला गेली. खोलीचं भाडं देण्यापेक्षा हप्ता भरू, म्हणून आपल्यातल्या काही जणांनी तिथं छोटा फ्लॅट घेतला. लेकरं शिकून बाहेर पडली आणि फ्लॅटमध्ये भाडेकरू आले. आता तो विकून नांदेडला किंवा पुण्याला मोठा घ्यावा, असं वाटतं. मीही तेच केलं आणि तिथंच चुकलो.

‘विकल्यावर दोन वर्षांत घर घेतलं की कर नाही’ एवढंच मी ऐकलं होतं. पैसे साध्या मुदत ठेवीत टाकले आणि निवांत घर शोधत बसलो. दीड वर्षात घर मिळालं, म्हणजे मुदतीतच. तरी नोटीस आली. कर आणि व्याज मिळून मुलीच्या एका वर्षाच्या फीएवढे पैसे गेले. ही चूक आपल्यापैकी कोणाची होऊ नये, म्हणून आज बोलतो आहे.

नियम असा आहे. राहतं असो वा भाड्यानं दिलेलं, घर 24 महिन्यांहून जास्त काळ आपलं असेल, तर विक्रीचा नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत भारतात दुसरं घर घेतलं, अथवा तीन वर्षांत बांधलं, तर नफ्यातली जेवढी रक्कम त्यात गेली तेवढ्यावर कर लागत नाही. हेच ते कलम 54. नव्या कायद्यात 1 एप्रिल 2026 पासून क्रमांक बदलतो.

एक हिशेब बघा. 2010-11 मध्ये 8 लाखांना घेतलेलं घर 2025 च्या जानेवारीत 30 लाखांना विकलं. नफा 22 लाख. साडेबारा टक्क्यांनी कर 2 लाख 75 हजार. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा पर्यायही आहे. त्यानं कर सुमारे 2 लाख 52 हजार होतो. उपकर वेगळा. पण 22 लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर नियमानं घेतलं, तर हा कर शून्य.

मग माझं कुठं चुकलं? विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत, म्हणजे साधारणपणे 31 जुलैपर्यंत, घर मिळालं नसेल तर न वापरलेला नफा बँकेत ‘कॅपिटल गेन’ खात्यात ठेवावा लागतो. ही योजना 1988 ची आहे. साधी ठेव चालत नाही. बँकांच्या ग्रामीण शाखांत हे खातं उघडत नाही, म्हणून उदगीर-लातूरला आधीच चौकशी करा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

दुसरी गोष्ट नावाची. आपण मायेपोटी नवं घर सरळ मुलाच्या नावावर करतो. 2008 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं असंच प्रकरण आलं होतं. घर दत्तक मुलाच्या नावावर घेतलं होतं. सवलत नाकारली गेली. ज्याच्या नावाचं विकलं, त्याच्याच नावानं घ्या.

तिसरी गोष्ट, नवं घर तीन वर्षं विकू नका. विकलं तर वाचलेला कर नव्या हिशेबात परत येतो. अमेरिकेत असलेली आपली लेकरं तिथल्या 1031 कलमाबद्दल सांगतात. तिथं 45 दिवसांत नवी मालमत्ता कळवायची आणि 180 दिवसांत व्यवहार पुरा करायचा. तरी कर फक्त पुढं ढकलला जातो. आपल्याकडं तीन वर्षं सांभाळली की तो कर कायमचा सुटतो. एवढी मोठी सवलत एका तारखेपायी घालवायची का?

ज्यांना पुन्हा घर घ्यायचंच नाही, त्यांनी सहा महिन्यांत सरकारी कंपन्यांचे ठरावीक रोखे घ्यावेत. मर्यादा 50 लाख, मुदत पाच वर्षं.

इसार घेण्याआधी सीएंना भेटा. माझ्याकडं तेव्हाची नोटीस अजून जपून ठेवली आहे. कोणाला बघायची असेल तर संध्याकाळी चहाला या.